सुवर्णधावेची वस्ती : भूमीवरील अवशेष आणि भाषेतील साक्ष

खाणवस्तीचे अवशेष हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ओसाड पडलेल्या वस्तीचा अर्थ लावताना उत्खनक जमिनीतील थर वाचतो, तसेच भाषाभ्यासकास स्थलनामांचे व शब्दांचे थर वाचता येतात; आणि या दोन वाचनांची एकमेकांशी पडताळणी केल्याशिवाय दोहोंपैकी एकही विश्वसनीय ठरत नाही. सोन्याच्या लोभाने अल्पकाळात उभ्या राहिलेल्या आणि तितक्याच अल्पकाळात उठलेल्या वस्तीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. अशा वस्तीचा लिखित वृत्तांत बहुधा भांडवल घालणाऱ्यांनी लिहिलेला असतो. जे आधीपासून तेथे होते, ज्यांनी खोदले आणि जे मागे राहिले, त्यांची साक्ष जमिनीत व बोलीत शोधावी लागते. प्रस्तुत लेखात हीच गोष्ट एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा विचार आहे.

१. एक पर्वत, दोन पाषाण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकूर इत्यादी जमातींचा हा मुलूख उत्तर सह्याद्रीच्या पश्चिम अंगास आहे. येथील पाषाण म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो बनला. या पाषाणात गारगोटीचे खडे विपुल सापडतात. परंतु ज्या गारगोटीच्या शिरांतून सोने मिळते त्या शिरा त्यात नाहीत. म्हणून जव्हार-मोखाड्यात सोन्याची खाण कधी नव्हती आणि असण्याचे कारणही नाही. ही नकारात्मक गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे. ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सह्याद्रीची हीच रांग दक्षिणेकडे जात राहिली की तिचा पाषाण बदलतो. कोकणाच्या दक्षिण भागात बेसाल्टचे आच्छादन संपते आणि त्याखालचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. निलगिरीच्या पश्चिमेस, वायनाडच्या पठारावर, या प्राचीन पट्टिताश्मांतून गारगोटीच्या शिरा गेल्या आहेत आणि त्यांत सोन्याचा अंश आहे. या पठाराचा आग्नेय भाग १८७७ साली मलबार जिल्ह्यातून काढून निलगिरी जिल्ह्यास जोडण्यात आला. देवाला व पंडलूर ही गावे त्याच भागात असून आज ती तमिळनाडू राज्यात आहेत. १८७९ ते १८८२ या चार वर्षांत भारतातील पहिली मोठी सुवर्णधाव, म्हणजे सोन्यामागे लागलेली भांडवलाची व माणसांची धाव, याच गावांवर येऊन आदळली. आपल्या विषयास अगदी अनुरूप असे उदाहरण ते हेच.

२. धावेचा वृत्तांत

वायनाडचे सोने इंग्रजांनी शोधून काढले असे म्हणण्याची रीत आहे. परंतु कागदपत्रेच तिला छेद देतात. १७९२ साली टिपूकडून मलबार घेतल्यानंतर तो प्रांत काही वर्षे मुंबई इलाख्यात होता, आणि १७९३ सालीच मुंबईच्या गव्हर्नराने तेथील सोन्याविषयी चौकशी केली होती. ज्या सोन्याची मुंबईस वार्ता लागते, ते कोणीतरी आधीच काढीत असले पाहिजे. निलंबूरच्या खोऱ्यात नदीची वाळू धुवून आणि वायनाडच्या टेकड्यांवर गारगोटी फोडून सोने मिळवण्याचा व्यवसाय पूर्वापार चालत असे. त्यात कुरुंब जमातीचे लोक प्रमुख होते. पुढील अर्धशतकात सरकारने अधूनमधून पाहण्या करविल्या, पण हिवतापामुळे व उत्पन्नाच्या अनिश्चिततेमुळे त्यांतून काही निष्पन्न झाले नाही.

दरम्यान या पठारावर कॉफीचे मळे उभे राहिले. १८७० च्या दशकात खोडकिडा आणि पानावरील तांबेरा यांनी कॉफी ग्रासली आणि मळेवाले अडचणीत आले. ज्या जमिनीवरील पीक बुडाले, तिच्या पोटात सोने आहे असे कोणी म्हणाल्यास ते ऐकण्यास मळेवाले उत्सुक होते. १८७४ साली देवालाजवळ ‘अल्फा’ नावाची पहिली कंपनी निघाली. १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांनी या क्षेत्राविषयी टिपण प्रसिद्ध केले. १८७९ साली सरकारने ब्रफ स्मिथ यांस ऑस्ट्रेलियातून पाचारण केले. व्हिक्टोरिया वसाहतीच्या खाणखात्याचे ते पूर्वी सचिव होते. १८७८ साली प्रसिद्ध झालेला, व्हिक्टोरियातील आदिवासींच्या चालीरीतींचा व भाषांचा दोन खंडांतील संग्रहही त्यांचाच. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस त्यांचे नाव त्या संदर्भात भेटते. १८८० साली त्यांचा अनुकूल अहवाल आला आणि लंडनच्या बाजारात एकच झुंबड उडाली. तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचे कागदोपत्री भांडवल चाळीस लाख पौंडांच्या घरात गेले. रोगट कॉफीचे मळे अवाच्या सव्वा किमतीस विकले गेले. भांडवलाचा मोठा भाग अशा रीतीने जमिनीच्या किमतीतच जिरला; प्रत्यक्ष खोदकामास फार थोडा उरला.

पंडलूर हे या धावेचे केंद्र बनले. तेथे टपाल व तारघर आले, दुकाने व हॉटेल निघाले, शर्यतीचे मैदानही आखले गेले. टेकड्यांच्या माथ्यांवर खाणवाल्यांचे बंगले उभे राहिले. यंत्रे समुद्रकिनाऱ्यावरून घाट चढवून आणावी लागत. ती बसवून गारगोटी दळू लागल्यावर मात्र असे दिसून आले की, नमुन्यांच्या परीक्षेत सोन्याचे जे प्रमाण दाखविण्यात आले होते, त्याचा अल्पांशच प्रत्यक्ष हाती येतो. १८८२ पर्यंत बाजार कोसळला, आणि दहा-बारा वर्षांत जवळजवळ सर्व कामे बंद पडली. १९०१ साली हेडन व हॅच यांनी या क्षेत्राची पुन्हा पाहणी करून येथे किफायतशीर खाण चालणे कठीण असल्याचा निर्वाळा दिला. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या निलगिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात डब्ल्यू. फ्रान्सिस यांनी हा सारा प्रकार गतकाळची गोष्ट म्हणूनच नोंदविला आहे.

३. अवशेष कसे वाचावेत

या प्रदेशात आज चहाचे मळे, झुडपी जंगल व वस्त्या आहेत. त्यांच्या अधूनमधून खाणींच्या खुणा आढळतात. या खुणा एकाच काळाच्या नाहीत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

सर्वांत जुना थर देशी खोदकामांचा. शिरेच्या मागोमाग वाकतवळत जाणारे अरुंद चर, एक माणूस कसाबसा उतरेल अशा विहिरी आणि टेकडीच्या उतारावरील खड्ड्यांच्या रांगा ही त्याची लक्षणे. सुरुंगाची दारू माहीत नसलेल्या काळी कठीण खडकाशी लाकडे पेटवून तो तापवीत व मग फोडीत. अशा ठिकाणी खडकाचा पृष्ठभाग गोलसर सुटलेला दिसतो आणि कोळशाचे कण सापडतात. फोडलेली गारगोटी खडकावरच कुटीत. त्यामुळे खडकात वाटीसारखे खळगे पडतात. या थरात घरांची जोती शोधू नयेत. कारण हे काम बव्हंशी ऋतुमानाप्रमाणे चाले आणि काम करणाऱ्यांची घरे लाकूड-बांबू-गवताची असत.

दुसरा थर धावेचा. त्याची ओळख सरळ रेषेवरून पटते. शिरेच्या मागे न धावता तिला आडवे छेदण्यासाठी डोंगरात सरळ खणलेले बोगदे, चौकोनी विहिरी, पाण्याचे पाट, रुळांसाठी सपाट केलेल्या वाटा आणि लोखंडी मुसळांच्या यंत्रांचे दगडी पाये हे सर्व या थरात मोडतात. यंत्राने दळलेली गारगोटी पाऱ्यावरून नेऊन सोने पकडीत. त्यामुळे यंत्राच्या पायाखाली असलेल्या चुऱ्याच्या ढिगात पाऱ्याचा अंश उरण्याचा संभव असतो. सायनाइडच्या साहाय्याने सोने काढण्याची कृती स्कॉटलंडमध्ये १८८७ साली निघाली व तिचा प्रसार त्यानंतर झाला. तेव्हा १८८२ मध्ये ओसरलेल्या धावेच्या मूळ थरात सायनाइडची टाकी सापडणार नाही. ती आढळल्यास ते काम पुढच्या काळातील पुनःप्रयत्नाचे समजावे. केवळ एका रासायनिक कृतीवरून थराचा काळ अशा रीतीने ठरविता येतो.

धावेच्या थराचे आणखी एक वैशिष्ट्य तुलनेने स्पष्ट होते. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात व १८५१ नंतर व्हिक्टोरियात माणसे धावली. जो तो आपली परात व कुदळ घेऊन आला. तेथील अवशेषांत तंबूंच्या जागा, चुली, बाटल्या, बटणे अशा वैयक्तिक वस्तूंची रेलचेल असते. वायनाडात माणसांपेक्षा भांडवल धावले. भागधारक लंडनमध्येच होते. येथे आले ते व्यवस्थापक, यंत्रे आणि मजूर. म्हणून येथील अवशेषांत एकीकडे टेकडीवरील बंगल्याचे भक्कम जोते व दुसरीकडे यंत्राचा पाया ठळक दिसतो. आणि मजुरांची वस्ती मात्र जवळजवळ निशाणी न ठेवता गेलेली असते. अवशेषांच्या टिकाऊपणावरून वस्तीतील लोकसंख्येचा अंदाज बांधल्यास तो नेमका उलटा ठरेल, ही सावधगिरी विद्यार्थ्यांनी बाळगावी.

४. कोलार व हट्टी यांची साक्ष

वायनाडची धाव ओसरल्यावर भांडवल, यंत्रे व अनुभवी माणसे यांचा ओघ मैसूर संस्थानातील कोलारकडे वळला. तेथेही कथा हीच. १८०२ साली सीमेची मोजणी करण्यास गेलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरन यांस मारिकुप्पमच्या परिसरात गावकरी खड्ड्यांत उतरून दगड काढताना व धुताना आढळले होते. न्यूझीलंडमधील युद्धात व तेथील सुवर्णक्षेत्रात वावरलेल्या मायकेल लव्हेल या निवृत्त सैनिकाने १८७० च्या दशकात खाणीचा परवाना मिळविला. कंपन्यांचे भांडवल संपत आले असता १८८३ मध्ये कॅप्टन प्लमर यांनी जुन्या देशी खोदकामांचा माग धरून खाली जाण्याचे ठरविले आणि ‘चॅम्पियन’ ही प्रसिद्ध शीर हाती लागली. तिच्यावर चाललेली खाण पुढे तीन किलोमीटरांहून खोल गेली आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. म्हणजे वायनाडात जी वस्ती काही वर्षांत उठली, ती कोलारात शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. परंतु दोन्ही ठिकाणी वाट दाखविली ती आधीच्या अज्ञात खणकऱ्यांनी.

महाराष्ट्राच्या अधिक जवळचे उदाहरण रायचूर जिल्ह्यातील हट्टीचे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मराठवाड्यासह हैदराबाद राज्यात होता. हट्टीची जुनी खोदकामे ६०० फुटांहून अधिक खोल गेलेली आढळली आणि त्यांतील आधाराच्या लाकडांचा काळ किरणोत्सारी कार्बनाच्या पद्धतीने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ठरला. एफ. आर. ऑल्चिन यांनी १९६२ साली भारतातील प्राचीन सुवर्णखाणकामाच्या कालाविषयी व पद्धतीविषयी जो निबंध लिहिला, त्यात हट्टीच्या परिसरातील खुणांना महत्त्वाचे स्थान आहे. याच परिसरातील मस्की येथे अशोकाचा लेख १९१५ साली सी. बीडन या खाण-अभियंत्यास सापडला. तो सोन्याच्या शोधात हिंडत होता. ज्या लेखात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष आढळले, असा तो पहिला लेख. सोन्याच्या मागावर असलेल्या माणसाने इतिहासाच्या हाती असे मोठे साधन द्यावे, हा योगायोग असला तरी सर्वस्वी अकारण नाही. मौर्यांचे अधिकारी या प्रदेशात कशासाठी आले, याचे एक उत्तर या खोदकामांत असू शकते.

५. नावांचा पुरावा आणि त्याची मर्यादा

येथून आपण भाषेकडे वळू. अशोकाच्या ब्रह्मगिरी-सिद्दापूर येथील लेखांत ‘सुवर्णगिरी’ या अधिकारस्थानाचा उल्लेख आहे. ते स्थान कोणते, याविषयी मस्की, कनकगिरी, जोन्नगिरी अशी निरनिराळी मते मांडली गेली आहेत. नावात सोने दिसले की जमिनीत सोने असावे, असा हा तर्क. तो कितपत ग्राह्य धरावा, हे तपासण्यास आपल्याला जव्हार-मोखाड्याची ती नकारात्मक गोष्ट उपयोगी पडते.

महाराष्ट्रात ‘सोन’ने आरंभ होणारी ग्रामनामे पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य बेसाल्टच्या प्रदेशात आहेत. धुळे जिल्ह्यातील सोनगीर किल्ल्याखाली सोन्याची शीर नाही. मग हे ‘सोन’ कोठून आले? काही नावे सोनजी, सोनू अशा व्यक्तिनामांवरून पडली असतील; काही मातीच्या वा गवताच्या पिवळेपणावरून. परंतु आणखी एक शक्यता वर्णपरिवर्तनाच्या नियमांतून पुढे येते. संस्कृतातील संयुक्त ‘र्ण’ मराठीत दंत्य ‘न’ होतो : कर्ण–कान, पर्ण–पान, चूर्ण–चुना, आणि त्याच न्यायाने सुवर्ण–सोण्ण–सोने. उलट, दोन स्वरांमधील एकेरी ‘न’ किंवा ‘ण’ मराठीत मूर्धन्य ‘ण’ राहतो : पानीय–पाणी, जन–जण, लवण–लोण. झूल ब्लॉक यांच्या १९२० सालच्या ग्रंथापासून हा भेद अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तांबडा या अर्थाचा ‘शोण’ शब्द या नियमानुसार मराठीत ‘सोण’ व्हावयास हवा, ‘सोन’ नव्हे. तेव्हा देशावरच्या बोलीत ‘सोन’ व ‘सोण’ यांतील भेद पाहून सोन्याचे नाव व तांबड्या मातीचे नाव वेगळे काढता येण्याची निदान शक्यता तरी आहे.

जव्हार-मोखाड्यात मात्र हीच कसोटी निरुपयोगी ठरते. उत्तर कोकणातील वारली, कोकणा, आगरी इत्यादी बोलींत ‘ण’ व ‘न’ एकरूप झाले आहेत. तेथे ‘पाणी’ हे ‘पानी’ असते. त्यामुळे या भागात ‘सोन’ हे नावाचे पूर्वपद सुवर्णाचे, शोणाचे की व्यक्तिनामाचे, हे ध्वनीवरून सांगता येणार नाही. तेथे निर्णय पाषाण देतो : बेसाल्टमध्ये सुवर्णशिरा नाहीत, म्हणून खाणीचा अर्थ त्याज्य. ज्या प्रदेशात सोने नाही हे निश्चित माहीत आहे, तेथील नावे ही इतर ठिकाणच्या तर्कांची कसोटी होय. सोने नसलेल्या मुलखात जर ‘सोन’ नावे मुबलक असतील, तर सोने असलेल्या मुलखातील एकट्या नावावर विसंबून प्राचीन खाण सिद्ध होत नाही. उलट वायनाडचे उदाहरण पाहा. त्या नावाची प्रचलित व्युत्पत्ती ‘वयल्’ म्हणजे भातशेत आणि ‘नाडु’ म्हणजे देश अशी आहे. सोन्याच्या या मुलखाचे नाव भातावरून पडले आहे.

स्थलनामांहून व्यवसायाचे शब्द अधिक विश्वासू असतात. सोनाराच्या दुकानातील केरमाती विकत घेऊन ती धुवून सोन्याचे कण काढणाऱ्यास मराठीत ‘झारेकरी’ म्हणतात. नदीची वाळू धुवून सोने काढणाऱ्या ‘सोनझारा’ या जातीची नोंद रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली केली असून, संबळपूर, मंडला, बालाघाट यांच्याबरोबर चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूरचा प्रदेश, हेही तिचे निवासस्थान म्हणून सांगितले आहे. येथे शब्दात कृती आहे, कृती करणारा माणूस आहे आणि जागाही आहे. मराठीत सोने धुण्याचा शब्द आहे. शिरेमागे जाऊन सोने खणण्याचा स्वतंत्र परंपरागत शब्द सहजी आढळत नाही. आपल्या भूमीच्या रचनेशी हे सुसंगतच आहे.

धावेने दिलेली नावे तिसऱ्या प्रकारची. अल्फा, फिनिक्स ही वायनाडच्या कंपन्यांची नावे भागविक्रीच्या पत्रकासाठी ठेवलेली होती. तेथील टेकडीशी किंवा ओढ्याशी त्यांचा संबंध नव्हता. कोलारात ‘रॉबर्टसनपेट’ हे नाव आजही चालते, कारण तेथे वस्ती टिकली, आणि ‘पेट’ हे उत्तरपद, आपल्या ‘पेठ’चाच सोयरा, लोकांनी आपल्या भाषेतून पुरविले. परकीय नाव टिकण्यास ते उच्चारणारी वस्ती टिकावी लागते, हा नियम या दोन ठिकाणांच्या तुलनेत स्पष्ट दिसतो.

६. ‘शोध’ आणि ‘ओसाड’

शेवटी दोन शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. खाणवृत्तांतात देशी खोदकामांस ‘जुनी कामे’ असे म्हणतात. या संज्ञेत कर्ता नाही. कामे जणू आपोआप झाली. पुढे त्याच कामांच्या आधारे शिरेवर पोहोचणाऱ्याच्या कृतीस ‘शोध’ म्हणतात, आणि तेथे मात्र कर्त्याचे नाव, हुद्दा व तारीख येते. हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. ज्यांची कृती कर्त्याशिवाय नोंदली गेली, त्यांचा त्या भूमीवरील हक्कही कर्त्याशिवायच राहिला.

दुसरा शब्द ‘ओसाड’. देवाला-पंडलूरच्या खाणी ओसाड आहेत असे आपण लिहितो. परंतु त्या परिसरात लोक राहतात. १९६४ च्या भारत-श्रीलंका करारानंतर परत आलेली तमिळ कुटुंबे सरकारी चहामळ्यांतून या भागात वसविली गेली. मजुरी अपुरी पडते तेव्हा जुन्या बोगद्यांत चोरून उतरून गारगोटी काढणारे, ती घरी कुटून पाऱ्याने सोने धरणारे लोक आजही या भागात आहेत. हवेच्या अभावी गुदमरून किंवा दरड कोसळून त्यांपैकी कित्येकांचे प्राण गेले आहेत. १८८० चा बोगदा हा पुरातत्त्वज्ञास अवशेष असला, तरी या माणसांस तो कामाची जागा आहे आणि कित्येकदा मृत्यूचीही. बोगद्यांची तोंडे बंद करणे मनुष्यहिताच्या दृष्टीने अवश्य आहे. परंतु ती बंद होण्यापूर्वी त्यांचे मोजमाप, त्यांतील दोन थरांचे वेगळेपण आणि तेथील कुरुंब, पणिय, मळेकामगार यांच्या तोंडी असलेली त्या त्या जागेची नावे नोंदली गेली पाहिजेत. एकदा तोंड बुजले की नाव उच्चारण्याचे कारणही संपते.

आपल्या विद्यार्थ्यांस वायनाडात जाणे सर्वदा शक्य नाही. जव्हार-मोखाड्यात जाणे शक्य आहे. तेथे सोने नाही, म्हणून सुवर्णधावही आली नाही. त्यामुळे एका हंगामात सर्व नावे पुसून टाकणारी घटनाही तेथे घडलेली नाही. ओढा, खडक, पायवाट, उजाड झालेला पाडा यांची वारली व कोकणा नावे तेथे अजून बोलण्यात आहेत. ती ऐकतील तशी, ‘ण’च्या जागी ‘न’ असेल तर ‘न’च लिहून, त्या त्या जागेच्या पाषाणासह व मातीच्या रंगासह नोंदवावीत. ‘सोन’चा अर्थ सोनेच असे गृहीत धरू नये, आणि नाव सांगणाऱ्याचा उल्लेख गाळू नये. सुवर्णधावेच्या वस्तीपासून शिकण्यासारखे पहिले कार्य मला हेच वाटते.